चालू मशीनची पूजा

गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर मी बिटकॉइनचा नोड चालवायला घेतला तेव्हा घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. मला सांगणं जमत नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझी अर्धी वाक्यं मनातच अडकतात आणि उरलेली अर्धी स्वभावामुळे. पण कॉम्प्युटरचा पंखा दिवसरात्र घोंघावायला लागल्यावर आईने विचारलंच. मी म्हटलं, जगात बिटकॉइनचे पहिल्यापासून आजपर्यंत जेवढे व्यवहार झाले तेवढे हा नोड कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, आणि प्रत्येक खरा आहे का ते स्वतः तपासतो. मग तुला काय मिळतं, तिने विचारलं. काहीच नाही, हे उत्तर तिला अजिबात आवडलं नाही.

शेवटी तह झाला. दसऱ्यापर्यंत काम पूर्ण झालं तर नोड राहील, नाहीतर काढून टाकायचा.

मी रोज ऑफिसमधून आले की आधी किती टक्के तपासून झालं ते बघायची, मग चपला काढायची. एकदा झाडताना आईने भिंतीवरचं बटण बंद केलं. नोंदी बिघडल्या आणि सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली.

दसऱ्याच्या सकाळी आकडा नव्व्याण्णवच्या पुढे होता. मी आंघोळ न करताच समोर बसले होते. तेवढ्यात आई ताम्हन घेऊन आली. दसऱ्याला आमच्याकडे मिक्सरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते. यंत्रं पुसायची, बंद ठेवायची, दिवसभर हात लावायचा नाही. कॉम्प्युटर बंद कर, उद्या सुरू कर, ती सहज म्हणाली. पण उद्या दसरा संपलेला असणार होता.

"बंद नाही करायचा," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले.

बाबा झेंडूची माळ ओवता ओवता थांबले. ते सातपूरला एका कारखान्यात भट्टीवर आहेत. लोखंडाचे सुटे भाग तापवून कडक करतात. मशीनचा आवाज कान देऊन ऐकावा तशा थाटात ते खुर्ची ओढून कॉम्प्युटरजवळ बसले आणि मला सगळं परत विचारलं. मी तुटक तुटक सांगितलं. दुसऱ्याने तपासलंय म्हणून हा विश्वास ठेवत नाही, या वाक्याला ते खूश झाले.

"आमची भट्टी तरी कुठं बंद असते गं?" ते आईला म्हणाले. "गार झाली तर चढवायला केवढा ताप. पॅनेलला कुंकू लावतो, नारळ फोडतो, झालं."

"इथे नारळ फोडायचा नाही," आई म्हणाली.

कुंकू लागलं. माळ पंख्याच्या जाळीवर आली, ती मी हळूच वर सरकवली. आईने अक्षता टाकल्या तर एक दाणा जाळीतून आत गेला आणि कडकड वाजू लागला. आम्ही तिघंही श्वास रोखून उभी राहिलो. दाणा कुठेतरी अडकला, आवाज थांबला, आणि बाबांना असं हसू फुटलं की आईलाही राहवेना.

जेवताना माझं ताट मी टेबलावरून उचलून कॉम्प्युटरसमोर नेलं. पुरी श्रीखंडात बुडवली आणि टक्क्यांची खिडकी आपोआप मिटली. झालं होतं. थोड्या वेळाने स्क्रीनवर एक नवी ओळ उमटली: माझ्या नोडला बाहेरून कुणीतरी येऊन जोडलं गेलं होतं. जगात कुठेतरी कुणीतरी नवीन नोड सुरू केला होता आणि तो जुन्या नोंदी माझ्याकडून मागत होता. माझ्याकडून.

"कोण आहे?" आईने मागून विचारलं.

"माहीत नाही. नाव विचारत नाहीत."

ती वाकून त्या एका ओळीकडे बघत राहिली. "दसऱ्याचा आलाय," ती म्हणाली. "हवं तेवढं घेऊन जाऊ दे."

मी हसायला लागले ते थांबेचना. श्रीखंड कीबोर्डवर सांडलं.