कॅमेऱ्याला दिसणारी धूळ

स्टुडिओत सगळे त्यांना 'धूळकाका' म्हणतात. तंत्रज्ञान कंपन्यांच्या जाहिरातींसाठी धूळ, ओरखडे आणि बोटांचे ठसे तयार करणे हा त्यांचा व्यवसाय. नवा फोन उठून दिसावा म्हणून शेजारचा जुना फोन मळवावा लागतो, आणि तो मळवावा काकांनीच. हे काम आपण तीस वर्षे करत आहोत, असे ते सांगतात. स्टुडिओच्या नोंदवह्यांत ती तेवीस भरतात. तफावत दाखवल्यावर ते म्हणाले, "उरलेली सात शिकण्यात गेली. शिकण्याची नोंद कुणी ठेवतं का?" उत्तर पडताळता येण्याजोगे नसल्याने येथे तेवीसच धरली आहेत.

त्यांच्या खोलीतल्या बरण्यांवर चिठ्ठ्या आहेत: 'पलंगाखालची', 'पुस्तकांवरची', 'पाहुणे येण्याच्या आदल्या दिवसाची'. खरी धूळ कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून काका कोळशाची पूड आणि घोंगडीचा चुरा एकत्र चाळून गडद धूळ बनवत. धूळ गडदच हवी, हा त्यांचा न मोडणारा नियम होता.

तो मोडला आपोआप घर झाडणाऱ्या एका यंत्रापुढे. जाहिरातीची कल्पना देखणी होती: फरशीवर धुळीचेच एक चिमुकले शहर, त्यात रस्ते, मनोरे, पूल, यंत्र येते आणि सारे शहर गिळून टाकते. काकांनी चार दिवस पोटावर पालथे पडून शहर उभारले. यंत्र वेशीपर्यंत आले, थबकले आणि अदबीने मागे फिरले. असे चार वेळा झाले.

"त्याच्या पोटाखालच्या डोळ्याला काळं म्हणजे जिन्याची कड वाटते," कंपनीचा अभियंता म्हणाला. "पडायला नको म्हणून परत येतं."

"माझ्या शहराला खड्डा समजतं?" काका म्हणाले.

दिग्दर्शिका वयाने त्यांच्या मुलीएवढी, पण बोलायला रोखठोक. "काका, शुक्रवारपर्यंत यंत्र शहरात शिरलं तर उत्तम. नाहीतर धूळ संगणकावर करू. आणि एकदा ती तिथे जमली, की मग..." पुढचे तिला बोलावे लागले नाही. मग काकांना कुणी बोलावणार नव्हते, हे दोघांनाही कळले होते.

बुधवारी काकांनी मन घट्ट करून फिकट धूळ केली. यंत्राने ती मिटक्या मारत खाल्ली. कॅमेऱ्यात मात्र दिसली नुसती स्वच्छ फरशी.

पुढे काय झाले याच्या दोन हकिकती उपलब्ध आहेत. काकांच्या मते उपाय त्यांना आंघोळ करताना सुचला. काकूंच्या मते असा संवाद झाला:

"तोंड का उतरलंय तुमचं?"

"फिकट धूळ दिसत नाही."

"कुणाला? मला तर रोज दिसते. तुम्ही केर काढल्यावर जरा जास्तच दिसते."

"चेष्टा पुरे. कशी दिसते ते सांग."

"अहो, सकाळी दारातून उन्हाची तिरीप येते ना, तेव्हा खाली वाकून बघा. कण न् कण उभा राहतो. 'झालं झाडून' म्हणत तुम्ही पेपर उघडता, तेव्हा मी तेच बघत असते."

काकूंना वार, वेळ आणि काकांनी न झाडलेला कोपरा हे तिन्ही आठवते. त्यामुळे त्यांची हकिकत ग्राह्य धरली आहे.

गुरुवारभर काकांनी फिकट धुळीचे शहर पुन्हा बांधले. शुक्रवारी वरचे सर्व दिवे विझवून एकच दिवा फरशीवर आडवा ठेवला. प्रत्येक घराची लांबलचक सावली पडली. कॅमेऱ्यात शहर एकदम उठून उभे राहिले. यंत्र आले, वेशीवर क्षणभरही न रेंगाळता आत शिरले आणि दिवसभराचे काम तेवीस सेकंदांत गिळून बाहेर पडले.

दिग्दर्शिकेने चित्रण पुन्हा पुन्हा पाहिले. "दिवा खाली ठेवायचं कसं सुचलं, काका?"

काकांनी छताकडे पाहिले. आंघोळीची हकिकत बहुधा तेव्हा रचून झाली नव्हती. "घरून," ते पुटपुटले.

"मग पुढच्या कामाला तुम्ही तर याच, पण काकूंनाही आणा."

काकू आल्या. त्या वेळी एका टीव्हीच्या जाहिरातीसाठी जुन्या टीव्हीवर धूळ पसरून काका बाजूला उभे होते. काकूंनी वाकून पाहिले.

"फार नीटनेटकी आहे हो. धूळ कधी अशी ओळीत बसते का?"

काकांनी आशेने दिग्दर्शिकेकडे पाहिले. ती काकूंकडे पाहत होती.

"पुन्हा पसरतो," काका म्हणाले.