‘तिले’ म्हणजे कोणाला?

झिपरू आबा गेल्याची बातमी घेऊन त्यांचा पुतण्या धुळ्यात माझ्या शाळेच्या दारात उभा राहिला, तेव्हा मला दुःख व्हायच्या आधी संशय आला, हे मी कबूल करतो. तापीकाठाहून इतक्या लांब, फक्त मला सांगायला हा का आला? “आबा गयात. सोमवारले,” तो म्हणाला. “तुमले सांगानं असं आबानंच सांगेल व्हतं.” मी त्याला पाणी दिले, बसवले आणि मग, विचारू नये ते विचारलेच. “आणखी काही सांगितलं होतं का?” त्याने मान हलवली. “नही. इतलंच.” त्या ‘इतलंच’मध्ये काही दडले आहे का, हे शोधण्यात माझे गेले सहा आठवडे गेले. शोध लागला नाही, म्हणून आता लिहायला बसलो आहे.

झिपरू आबा धरणगावच्या उत्तरेला तापीच्या उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, नाव चालवत. मी पलीकडच्या गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, आणि ती पायरी नदीच्या या काठावर होती. सात वर्षे मी आबांच्या नावेतून शाळेत गेलो. मॅट्रिकच्या परीक्षेच्या सकाळी मला उशीर झाला, तेव्हा बाजाराला निघालेली वीस माणसे नावेत खोळंबून ओरडत असताना आबा वल्हे मांडीवर घेऊन स्वस्थ बसून राहिले होते. “बठ्ठासना बाजार रोज शे,” ते लोकांना म्हणाले, म्हणजे सगळ्यांचा बाजार रोजच आहे. “त्यानी परीक्षा आजच शे.” पुढे मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन आलो, त्यात त्या सकाळचा वाटा माझ्या कोणत्याही पुस्तकापेक्षा मोठा आहे.

मला पहिली नोकरी दिली ती जिनिंगच्या कारखान्याचे मालक माणिकशेठ यांनी. त्यांचे उपकारही मी विसरलेलो नाही. त्यांनी लढाईच्या आधी सुरतेकडून एक जुनी लाँच विकत घेतली होती. छोटी केबिन, तिला काचेच्या खिडक्या, आत दोन बाके. ती रेल्वेच्या वाघिणीतून स्टेशनावर आली आणि तिथून आठ बैलांनी ओढत नदीवर. चालवायला जागा म्हणजे चारेक मैलांचा एक डोह. त्याच्या दोन्ही टोकांना खडक. पण पाहुण्यांना फिरवायला तेवढे पुरे होते. लाँच सांभाळायला शेठजींनी आबांना ठेवले, कारण तो डोह त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता.

आबांचा स्वभाव मुळातच संशयी. नदीवर त्यांचा विश्वास नव्हता, वाऱ्यावर नव्हता, दुसऱ्याने मारलेल्या गाठीवर तर मुळीच नव्हता. हिवाळ्यात पाणी रोज बोट-दोन बोटे उतरते. दोर आखूड ठेवला तर सकाळी नाव काठाच्या चिखलात तिरपी टांगलेली सापडते. लांब ठेवला तर वाऱ्याने फिरून खडकावर जाते. आबा संध्याकाळी दोर बांधत, दहा पावले चालत, परत येऊन पुन्हा सोडून बांधत. मी हसलो की म्हणत, “पानी उतरस तवय कोनले सांगीसन उतरत नही.”

शेठजींच्या मनात लाँचवर विजेचे दिवे बसवायचे आले, तेव्हा विज्ञानाचा पदवीधर म्हणून ते काम माझ्याकडे आले. इंजिनाला डायनामो, बाकाखाली मोठी बॅटरी, केबिनमध्ये दोन बल्ब आणि पुढे नाकावर एक मोठा दिवा. तारांची वाट मीच आखली. दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या; आबा मात्र जवळ जाऊन त्यावर फुंकर मारून आले. “हाऊ दिवा फुक्याबिगर विझस,” ते म्हणाले. “मंग त्यावर भरोसा कसा करवा?”

एवढी महागाची वस्तू दोरावर ठेवणे शेठजींना पटेना. त्यांनी काठावर रेल्वेच्या जुन्या रुळाचा तुकडा पुरून घेतला आणि लाँचची पुढची कडी आणि मागची कडी, दोन्हींना लोखंडी साखळ्या लावून त्या रुळाला कुलपाने अडकवल्या. किल्ल्या आबांकडे. थोड्याच दिवसांत आबा मला म्हणाले, “भाऊ, दुसरी साखयी लावताना कडीवर चिटकी उडस.” साखळीला ते साखयी म्हणत आणि ठिणगीला चिटकी. मी म्हणालो, “आबा, लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी पडतेच.” त्यांनी मान डोलावली. पदवीधराने सांगितल्यावर काय बोलणार?

मग बॅटरी उतरू लागली. एखाद्या संध्याकाळी दिवे लखलखीत, आणि दुसऱ्या सकाळी बल्बमध्ये नुसती लाल काडी. हे रोज होत नसे, आणि म्हणूनच संशय वाढला. शेठजींनी तर्क केला की, कोणीतरी रात्री दिवे लावून लाँच पलीकडे नेते, मोहाची दारू आणते. कारखान्यात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, पलीकडे उजेड दिसला. कोणी म्हणाले, आबांच्या जावयाचे गाव त्याच काठाला. आणि एका सकाळी शेठजींचा माणूस अचानक गेला, तर पुढच्या साखळीचे कुलूप उघडे, साखळी वाळूत पडलेली, आणि लाँच त्या बाजूने साध्या दोराने बांधलेली.

शेठजींनी मला आबांचा जबाब लिहून आणायला पाठवले. मलाही तोवर संशय आलाच होता… ज्यांच्या नावेत मी वाढलो, त्यांच्याकडे मी त्या दिवशी चोराकडे पाहावे तसे पाहिले. काठावर मांडीवर कागद घेऊन मी विचारले, “आबा, संध्याकाळी तुम्ही काय करता ते खरं सांगा.” आबा शांतपणे म्हणाले, “रोज दिन बुडस तवय मी तिले सोडस. सकायले परत बांधस. कधी भुली जास, ते येगयं.” म्हणजे, दिवस मावळला की मी तिला सोडतो, सकाळी परत बांधतो, कधी विसरतो ते वेगळे. ते हे बोलताना त्यांचा हात कशावर होता, हे मी पाहिले नाही. मी कागदाकडे पाहत होतो. सरकारी वाटावे असे शुद्ध मराठी लिहिण्याचा मला तेव्हा फार अभिमान होता. मी लिहिले : ‘मी रोज सूर्यास्तास लाँच सोडतो व सकाळी ती परत आणून बांधतो.’ ‘आणून’ हा शब्दही माझाच. वाक्य बरे वाटावे म्हणून घातलेला.

“वाचून दाखवू?” मी विचारले.

“तू लिखेल शे ना?” आबा म्हणाले. “मंग काय वाचानं?” आणि जगातल्या कशावरही भरोसा नसलेल्या त्या माणसाने माझ्या कागदावर अंगठा उठवला.

शेठजींनी तो कागद कारखान्याच्या ओसरीवर चारचौघांत मोठ्याने वाचला. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहत होतो. मला वाटले, कबुली दिल्याची त्यांना लाज वाटत असेल. त्यांनी किल्ल्या ओसरीच्या कडेला ठेवल्या आणि ते निघून गेले. त्या दिवसापासून काठावरचे लोक त्यांना लाँचचोर म्हणू लागले.

नवा माणूस आला. तो दोन्ही साखळ्यांना इमानाने कुलूप लावी, आणि बॅटरी आता रोजच मरू लागली. शेठजींना त्याचाही संशय आला. शेवटी भुसावळहून एका जुन्या वीजमिस्त्रींना बोलावले. त्यांनी केबिनची एक फळी उचकटली आणि मला हाक मारली. पुढच्या दिव्याची तार, मी आखलेल्या वाटेवर, लाकडाखाली सोलली जाऊन कडीच्या बोल्टाला टेकली होती. मागची कडी इंजिनाच्या बैठकीतूनच काढलेली, आणि बॅटरीचे दुसरे टोक इंजिनालाच जोडलेले. “आणि दोन्ही साखळ्या एकाच रुळाला?” मिस्त्री हसून म्हणाले, “मग वीज पुढून निघते, रुळावरून फिरते आणि मागून घरी येते. रात्रभर प्रदक्षिणा. साहेब, एक बाजू दोराने बांधली असती तरी भागलं असतं.”

दोराने…  आबांनी ठिणगी पाहिली होती, आपल्या परीने ताडून पाहिले होते, आणि संध्याकाळी पुढची साखळी काढून दोर बांधायला सुरुवात केली होती. ज्या दिवशी विसरत, त्या रात्री बॅटरी उतरे. ‘तिले’ म्हणजे साखळीला. आमच्या बोलीत साखळीही ‘ती’ आणि लाँचही ‘ती’. मी बी.एस्सी. झालो होतो आणि माझ्याच बोलीतले एक सर्वनाम मला कळले नव्हते.

मी शेठजींना सांगितले. ते म्हणाले, “कागद झालाय. आता उकरून कोणाचं भलं?” मीही उकरले नाही. त्यानंतर दोन वर्षे मी त्यांच्याकडे नोकरी केली, हेही इथे लिहिले पाहिजे.

धुळ्याला शाळेत लागण्यापूर्वी एकदा मात्र मी आबांकडे गेलो. ते पुन्हा आपली नाव चालवत होते. मी सगळे सांगितले. ते म्हणाले, “माले ठाऊक शे.” मी विचारले, मग तेव्हा ओसरीवर बोलला का नाहीत? ते दोराचा पीळ बोटांनी चाचपत म्हणाले, “शेठनी वाचं तवय मी तुनाकडे देखं. तू खाले देखी ऱ्हायंता. माले वाटनं, पोऱ्याले नोकरी वाचाडनी व्हई. मंग मी कशाले बोलू?”

म्हणजे इतकी वर्षे ते समजत होते की मी जाणूनबुजून खोटे लिहिले, आणि तरी माझ्या नोकरीसाठी गप्प राहिले होते. मी शपथ घेतली, पुन्हा पुन्हा सांगितले की ती चूक होती. आबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “व्हई.” ‘असेल’ या अर्थाचे ते ‘व्हई’. त्यात विश्वास होता की नुसती माझी समजूत, ते मला तेव्हा कळले नाही, आजही कळलेले नाही.

मी उठलो तेव्हा त्यांनी थांबवले. उताराच्या परवान्यासाठी मामलेदारांना अर्ज हवा होता. मला आनंद झाला. मी नावेच्या फळीवर कागद ठेवून अर्ज लिहिला आणि शाईचा डबा पुढे केला. आबांनी अंगठा पुढे आणला नाही. “वाची दाखाड,” ते म्हणाले. मी वाचला. ते डोळे मिटून ऐकत होते. “आखो एकदाव.” मी पुन्हा वाचला. मग त्यांनी अंगठा उठवला आणि मला पलीकडे सोडले.

आता शाळेत आसपासच्या खेड्यांतून पालक येतात. नाव घालायला, दाखला न्यायला. पुष्कळांना अंगठाच करायचा असतो. मी लिहिलेले त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. ‘तो’, ‘ती’ आले की थांबून विचारतो, म्हणजे कोण? मागे रांग खोळंबते, शिपाई कुरकुरतो. गेल्याच आठवड्यात एक म्हातारी वैतागून म्हणाली, “गुरुजी, आमनावर तुमना भरोसा नही का?”

“तुमच्यावर आहे, अक्का,” मी म्हणालो. “माझ्यावर नाही.”

तिने मला नीट न्याहाळले. मग काठी भिंतीला टेकवून ती खाली बसली आणि म्हणाली, “मंग वाचा.”