डाव्या बाजूचे दात

दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली तिची बावीस वर्षं गेली होती, आणि एका गोष्टीचा तिला भारी तोरा होता. तिने वाळवलेला दात ठणठणीत कोरडा असायचा, ओल औषधालाही सापडायची नाही.

पाच वर्षांपूर्वी बाईंनी एक तुलना करायला घेतली. फिलिंग दाताला धरून ठेवणारा बाँड दोन तऱ्हांनी लावायचा आणि कुठलं फिलिंग जास्त टिकतं ते बघायचं. डावीकडच्या दातांना जुनी रीत: आधी ॲसिड, ते धुऊन काढायचं, वाळवायचं, मग बाँड. उजवीकडे नवी, एकाच बाटलीतली. तिच्यात धुण्या-वाळवण्याची भानगडच नाही. माणसं कमी पडली तेव्हा मावशीने आपल्या थोरल्या बहिणीला आणून खुर्चीत बसवलं. अक्का दवाखान्याच्या नावाने बोटं मोडणारी, पण धाकटीच्या शब्दाखातर तिने तोंड उघडलं.

डावीकडची फिलिंगं एकेक करून निखळली. अक्काच्या तर फटीतून कीड आत शिरली आणि दोन दाढा काढाव्या लागल्या. ‘जुनी रीत कुचकामी’ असा अहवाल बाईंनी पाठवला. मावशीनेही मान डोलावली.

गेल्या सोमवारी नवी डॉक्टर रुजू झाली. मावशी दातावर हवेची नळी धरून उभी होती, ती नळी डॉक्टरने हळूच बाजूला केली.

"मावशी, ॲसिड धुतल्यावर दात इतका नाही वाळवायचा. जरा ओलसर राहू द्यायचा. नाहीतर दाताच्या आतली बारीक जाळी सुकून मिटते, मग बाँड शिरणार कुठून?"

डावीकडचा एकूण एक दात तिनेच वाळवला होता. दुपारी तिने बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"मी शेजारीच बसले होते की," त्या म्हणाल्या. "पण अहवाल गेलाय. आता कुठे बोलू नका."

संध्याकाळी ती अक्काकडे गेली. अक्का दुधात बुडवलेला पाव उजवीकडून चघळत होती.

"अक्का, तुझ्या दाढा माझ्या हाताने गेल्या," मावशी म्हणाली आणि कशा गेल्या तेही सांगितलं.

"काहीतरीच तुझं. किती निगुतीने वाळवत होतीस, मी बघत नव्हते का?" अक्काने घास गिळला. "आता उजवीकडची एक ठणकतेय. उद्या येते दाखवायला. पण वाळवायला तूच थांब हं, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

मावशीला रडू आवरेना. अक्काला वाटलं, दाढेच्या काळजीनेच रडतेय.