झेंड्याची सुरगाठ

गहिनीनाथ तात्या माझे सख्खे चुलते, माझ्याहून आठच वर्षांनी मोठे. तरी त्यांच्याबद्दल मला किती थोडं माहीत आहे, ते लिहायला बसल्यावर कळलं. ते फौजेत होते तेव्हा मी गावात होतो. ते पेन्शन घेऊन गावात आले, तोवर मी दर दिवाळीनंतर सहा महिने कोपरगावकडे ऊस तोडायला जाऊ लागलो होतो.

शाळेतल्या रोहिणी मॅडम म्हणाल्या, "तात्यांवर दोन पानं लिहा. पंधरा ऑगस्टला मुलांना वाचून दाखवू. त्यांनी लढाईत काय केलं ते लिहा."

तेच मला माहीत नाही. एकाहत्तर साली ते राजस्थानात होते, एवढं खरं. गावात कोणी म्हणतं रणगाडा चालवायचे, कोणी म्हणतं तोफेवर होते. मी एकदाच विचारलं होतं. "वाळू लई हुती," एवढंच म्हणाले आणि बैलांना पाणी पाजायला उठले.

म्हणून मी पाहिलं तेवढंच लिहितो.

तात्यांनी चाळीस वर्षं आमच्या शाळेचा झेंडा बांधला. आदल्या दिवशी तांब्यात निखारे घालून त्याचीच इस्त्री झेंड्यावर फिरवायची, सकाळी घड्या घालून आत शेवंतीच्या पाकळ्या भरायच्या आणि वर दोरीची सुरगाठ मारायची. खालून एक झटका दिला की गाठ सुटून झेंडा उघडला पाहिजे. फडकवायला मात्र ते कधी पुढे झाले नाहीत. सरपंचांनी आग्रह केला तर म्हणायचे, "वढनारे लई हायेत."

सव्वीस जानेवारीला आमचं गाव निम्मं रिकामं असतं. माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. समोर दहा जण असोत की दोनशे, तात्यांची इस्त्री चुकत नसे. हे मला साठीनंतर, कोयता खाली ठेवल्यावर दिसलं.

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला झेंडा उघडला नाही. सरपंच काकासाहेबांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, तशी गाठ जास्तच आवळली. तात्यांचे हात वर्षभर थरथरत होते. त्यांच्याकडून निरगाठ बसली होती. काकासाहेब चेष्टेत म्हणाले, "तात्या, झेंडा बांधलाय का बैल?"

सगळे हसले. मीही हसलो, ते आठवलं की आज लाज वाटते. तात्यांनी झेंडा खाली घेतला, दातांनी गाठ सोडली आणि पुन्हा बांधला. तो उघडला. मग आम्ही दोघं बरोबर घरी निघालो. त्यांच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, "राधू, आता तू शीक."

"मी? तात्या, पोरांपैकी कुनाला तरी शिकवा."

"पोरं गाव सोडून जात्यात. तू आता कुठं जातोस?"

मला चारचौघांत उभं राहायला आवडत नाही. पण नाही म्हणवलं नाही.

दिवाळीनंतर रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात लिंबाच्या फांदीवरून दोरी टाकायची आणि टॉवेल बांधायचा. पाकळ्यांऐवजी ज्वारीचे दाणे. माझी गाठ काही सुटेना. तीस वर्षं मी उसाच्या मोळ्या बांधल्या. वाढ्याला, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याला, पीळ द्यायचा आणि गुडघा लावून आवळायचं; मोळी गाडीत चढवताना सुटता कामा नये. बोटांना तेवढंच ठाऊक. गाठ मारून झाली की हात आपोआप आणखी एक हिसका द्यायचा.

"अरं, मोळी न्हाई ती!" तात्या ओरडायचे. "मारून झाली की हात काढ. सुटंल म्हनून भिऊ नगंस, सुटायलाच बांधायची हाय."

माझ्या चुलती छबूकाकू ओसरीवरून म्हणायच्या, "दोघं म्हातारं टावेल टांगून बसत्यात. आंगुळीला मी काय घेऊ?"

जानेवारीत तात्यांना खोकल्याने धरलं. सव्वीस तारखेला त्यांना वस्तीवरून शाळेपर्यंत चालवेना. मी एकटा गेलो. अकरा मुलं, दोन मॅडम, काकासाहेब आणि आम्ही चार म्हातारे. गाठ मारली आणि हात लगेच पाठीमागे बांधून घेतले.

काकासाहेबांनी झटका दिला. झेंडा जागचा हलला नाही. त्यांनी दुसरा झटका दिला आणि झेंडा उघडला. पाकळ्या खाली आल्या, एक त्यांच्या टोपीवर बसली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तात्या वाट बघत असतील हे माहीत होतं, तरी लगेच जाववेना. जेवण करून, उन्हं कलल्यावर गेलो. त्यानंतर चार दिवसांनी ते गेले. मधे मी दोनदा जाऊन आलो, पण ते ग्लानीत होते. म्हणून आमचं बोलणं त्या दुपारचंच शेवटचं.

ते बाजेवर उशीला टेकून बसले होते.

"उघडला का?"

"उघडला."

"एका झटक्यात?"

हो म्हणावंसं फार वाटलं.

"दोन लागले, तात्या."

ते खोकता खोकता हसले. "माझा पयला झेंडा तिसऱ्याला उघडला हुता. म्होरं सायेब हुबा. आठ दिस लंगरात कणीक मळाया लावली मला."

इतक्या वर्षांत त्यांच्या फौजेची ही पहिली गोष्ट मला कळली. कुठे, कोणता साहेब, हे विचारणार होतो. तेवढ्यात त्यांनी दाराबाहेर उन्हाकडे पाहिलं.

"झेंडा उतरवाया कोन हाय?"

"मीच."

"मंग बसलास काय? दिस बुडायच्या आत उतरव."

"येतो, तात्या."

"ये. आन घडी नीट घाल."