शव्वालची वीस तारीख

आमच्या अंगणात मांडवाचे खांब रोवायचं काम चालू होतं आणि मी बॅग घेऊन घराबाहेर पडत होतो. खड्डे खणणाऱ्यांनी पहार बाजूला ठेवून मला वाट करून दिली. मांडव माझ्या धाकट्या बहिणीच्या, नसरीनच्या निकाहचा होता. निकाह सहा दिवसांवर आला होता आणि तिचा एकुलता एक भाऊ सौदीला परत निघाला होता. अम्मी गाडीपर्यंत आली. कोकमं आणि कुळथाचं पीठ बांधलेली पिशवी तिने माझ्या हातात दिली आणि विचारलं, "पासपोर्ट घेतलास ना रे?" नसरीन बाहेर आलीच नाही.

आफरीन, तू त्याच नसरीनची मुलगी. गेल्या महिन्यात तुझा मेसेज आला, "मामू, माझं लग्न ठरतंय, मुलगा दम्माममध्येच आहे. व्हिसाला काय काय लागतं त्याची यादी पाठवा." यादी पाठवायला मला दहा मिनिटं लागली असती. दम्माममधल्या एका व्यापारी कंपनीत लोकांचे पासपोर्ट, इकामे म्हणजे इथे राहण्याचे परवाने, आणि व्हिसे सांभाळणं हेच माझं काम आहे. रत्नागिरी ते दापोली या पट्ट्यातला कुणी इथे अडला की पहिला फोन मला येतो. पण मी या टेबलावर कसा येऊन बसलो ते माहीत नसेल तर यादीचा उपयोग नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे, तुझ्यासाठी आणि तुझ्यामागून निघणाऱ्यांसाठी. गावातल्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही.

तेव्हा मी कंपनीच्या गोदामात माल मोजायचो. तीन वर्षांनी पहिली सुट्टी मिळाली. कंपनीत सरकारी कागदांचं काम अबू हसन बघायचा. तो दम्मामजवळच्या कतीफचा, मासेमारांच्या घरातला, पोट सुटलेला आणि सदा हसणारा. सुट्टीवर जाऊन परत येण्याचा जो व्हिसा असतो, त्याचा शिक्का त्याने माझ्या पासपोर्टवर मारून आणला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "तीन महीना. यल्ला, मजा करो!" तीन महिने एवढं एकच मी ऐकलं. शिक्क्यावर हाताने लिहिलेली अरबी तारीख होती, तिच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

घरी पोचल्यावर सगळ्या मोहल्ल्याला तो शिक्का दाखवला. जणू मला पदकच मिळालं होतं. "या तारखेच्या आत परत जायचं," असं ऐटीत सांगत होतो, आणि ती तारीख कुठली ते मलाच ठाऊक नव्हतं. विमानात बसलो त्या दिवसापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने मोजले आणि शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधीचं तिकीट काढून ठेवलं. शाबान घरी गेला, सगळा रमजान घरी गेला, ईद झाली. नसरीनचा निकाह शव्वालच्या चोवीस तारखेला ठरला होता. तुझे अब्बा तेव्हा बोटीवर होते, ते बावीसला उतरणार, त्यामुळे निकाह अलीकडे घेता येत नव्हता. पुढे ढकलावा तर शव्वालनंतर लागतो खाली महिना, दोन ईदच्या मधला. त्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात कुणी निकाह ठेवत नाही. हे किताबात कुठे लिहिलेलं नाही असं काझीसाहेब दरवर्षी सांगतात आणि बायका दरवर्षी ऐकून सोडून देतात.

माझ्या हिशोबाने निकाहनंतर चार दिवसांनी माझं विमान होतं. सगळं छान बसलं होतं.

अम्मी शाळेत गेलेली नाही. मराठी तिला अडखळत वाचता येतं, इंग्रजी अजिबात नाही. पण कुरआन ती रोज वाचते आणि आयतींचे आकडे वाचून वाचून अरबी आकडे तिला तोंडपाठ आहेत. शव्वालच्या तेरा तारखेला, सकाळच्या चहाच्या वेळी, ती माझा पासपोर्ट घेऊन समोर येऊन बसली. तो तिच्याच पेटीत असायचा. शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो वीस हाय. आन ह्यो धा. धावा महिना म्हंजे शव्वाल. शव्वालची वीस तारीख हाय ही, बाबा. तुज्याकडं सातच दिवस हायत."

मी हसलो. तिला समजावायला लागलो की अम्मी, तीन महिने म्हणजे तीन महिने. तिने वाद घातला नाही. डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा ठेवत मोहरमपासून दहा महिने मोजून दाखवले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. शिक्का मी निघायच्या आठवडाभर आधी मारलेला होता, आणि दिवस तेव्हापासूनच मोजले जात होते. त्यात ते चांद्रमहिने, कधी तीसचे तर कधी एकोणतीसचे. माझ्या कॅलेंडरपेक्षा अम्मीची पेरं दहा दिवस पुढे होती.

तारीख उलटली असती तर काय झालं असतं ते आज तुम्हाला सांगून पटणार नाही. त्या काळी सुट्टीवर गेलेला माणूस तारखेच्या आत परत आला नाही की नोकरी खलास, आणि दुसऱ्या कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, यायलाही तीन वर्षं बंदी. घरात कमावणारा मी एकटाच. अब्बा आम्ही लहान असतानाच गेले होते. दुसरीकडे, आमच्या शाफई पद्धतीत मुलीचा निकाह तिचा वली लावून देतो, बाप नसेल तर भाऊ. "माझी बहीण मी तुमच्या निकाहात दिली" हे वाक्य मला म्हणायचं होतं. लहानपणापासून नसरीन मला चिडवायची, "भाई, त्या दिवशी अडखळू नकोस हं." मी ते मनात कितीदा म्हणून ठेवलं होतं.

"अम्मी, काय करू?" मी विचारलं.

"जा तू," ती म्हणाली. "निका तुज्याबिगर होईल. नोकरी तुज्यासाठी थांबायची नाय."

मी काझीसाहेबांसमोर चाचांना माझ्या वतीने वकील नेमलं, तिकीट बदललं आणि अठराला निघालो. एकोणीसला दम्मामला उतरलो. खिडकीतल्या अधिकाऱ्याने शिक्का बघितला, माझ्याकडे बघितलं, भुवया उंचावून म्हणाला, "बुकरा खलास!" उद्या संपत होता, असं. मग हसून त्याने पासपोर्टवर शिक्का मारला. तो कोण होता मला माहीत नाही, पण त्याचं ते हसू मला आजही आठवतं. परदेशाने मला आत घेतलं ते त्या दिवशी, असं मी धरून चालतो.

निकाहच्या दिवशी चाचांनी मला फोन लावून मोबाइल चालू ठेवला होता. मी गोदामात, खोक्यांच्या मधे बसून ऐकत होतो. माझं वाक्य चाचा म्हणाले. अजिबात अडखळले नाहीत. मी मात्र तिथे बसून रडलो. अबू हसनला कुणीतरी सांगितलं असावं. तो खजुराचं ताट घेऊन आला आणि गोदामातल्या प्रत्येकाला स्वतः वाटत सुटला, बहीण त्याचीच असल्यासारखा. मग त्याने सगळी हकीकत काढून घेतली. अम्मीची पेरं ऐकून तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "तुझ्या आईला माझ्या ऑफिसात घेऊन ये. ती येत नसेल तर तू ये." महिनाभरात मी त्याच्या हाताखाली गेलो. आज तो निवृत्त होऊन कतीफला खजुराची बाग बघतो, आणि त्याच्या खुर्चीवर मी बसतो. माझा इथला सगळा संसार, तुझ्या मामीचं येणं, मुलांची शाळा, त्या एका चुकीवर उभा आहे. मुलं मला इंग्रजीत विचारतात, "बाबा, व्हाय डू यू चेक एव्हरीथिंग थ्री टाइम्स?" काय सांगणार त्यांना?

आता तुझं काम. पासपोर्टची मुदत निघायच्या दिवशी सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी. कमी असेल तर आधी नूतनीकरण, मग बाकीचं. निकाहनामा हाती आला की त्याचं अरबी भाषांतर आणि सरकारी साक्षांकन, ते झाल्याशिवाय तुझ्या नवऱ्याला इथे अर्ज करता येणार नाही. नियम बदलत असतात, तेव्हा दर वेळी नव्याने विचार, मावशीच्या मुलीचं कसं झालं होतं यावर जाऊ नकोस. मुंबईत बोटांचे ठसे द्यावे लागतील. म्हणून मेंदी काढणारणीला आधीच सांग की बोटांची टोकं कोरी ठेव. ती नाक मुरडेल, मुरडू दे. टोकापर्यंत रंगलेली बोटं घेऊन गेलेल्या दोन नव्या नवऱ्या मशीनने परत पाठवलेल्या मला माहीत आहेत, आणि रंग उतरेपर्यंत इथे नवरे मला रोज फोन करत होते.

तुझ्या आईच्या हातचा मसाला जरूर आण, पण तिला सांग त्यात खसखस घालू नको. आपल्याकडे वाटणात पडते तीच खसखस इथे बंदी असलेल्या वस्तूंत धरतात. औषधं आणलीस तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत, आणि खोकल्याचं औषध गावच्या दुकानातून उचलून आणायचं नाही. सगळे कागद हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. सुका बांगडा मोठ्या बॅगेत, हातात नाही. हे उलटं करणारेही आपल्यातच भेटतात.

आणि इथून सुट्टीवर निघशील तेव्हा परतीच्या व्हिसाची तारीख स्वतः वाच. आता ती फोनवर दिसते, दोन्ही कॅलेंडरांत दिसते, चुकायला जागाच नाही असं वाटतं. तरी विचार, दिवस कधीपासून मोजणार, व्हिसा काढल्यापासून की विमानात बसल्यापासून? लाज वाटू देऊ नकोस. मी विचारलं नव्हतं.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. बारा वर्षांपूर्वी मी सुट्टीवर तुमच्याकडे आलो होतो. तुझी आई मागच्या पडवीत बोंबील साफ करत होती. मी सहज म्हणालो, अम्मीने ती तारीख वाचली नसती तर मी निकाहला राहिलो असतो आणि रस्त्यावर आलो असतो. नसरीनने हातातलं काम थांबवलं नाही. खाली बघतच म्हणाली, "अम्मीनं आदल्या दिवशीच वाचलान होती. अशीच मागच्या पडवीत बसलेली, पासपोर्ट मांडीवर घेऊन. तीनदा मोजलान. मी विचारलं तर बोलली, सांगू का नको? सांगितलं तर तो जाईल."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मी बोलले, सांग त्याला."

म्हणजे त्या एका दिवसात ते माझ्या बहिणीच्या हातात होतं. बाप नव्हता, भाऊ तरी मांडवात असावा एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिने स्वतः सोडलं. मला वाटायचं ती रागाने बाहेर आली नाही. ती आत उभी राहून रडत होती, हे तिने तेव्हा सांगितलं; बाहेर आली नाही, कारण मी तिला बघितलं असतं तर माझा पाय निघाला नसता. निकाहपासून त्या दिवसापर्यंत तिने हे मला सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला तर म्हणाली, "भाई, सोड, मासळीचा हात हाय." मी सोडला नाही.

घर म्हणजे काय, असं इथे आम्ही कोकणी माणसं शुक्रवारी जेवायला जमलो की कुणीतरी हटकून विचारतो. कुणी खाडी म्हणतो, कुणी कबरस्तान, कुणी आंब्याचं झाड. मी आपला खात बसतो. माझं घर गावात आहे की दम्माममध्ये हे मला खरंच सांगता येत नाही, आणि त्याचं आता दुःखही वाटत नाही. माझी तारीख मोजणारी माणसं आहेत. ती मोजून मला जा म्हणाली, म्हणून मी इथे उभा राहिलो. माझ्या हातून हजारो कागद गेले, पण नसरीनच्या निकाहनाम्यावर माझ्या जागी चाचांची सही आहे, एवढं एक राहून गेलं.

हे लिहीत होतो तेवढ्यात तुझ्या आईचा फोन आला. तुझ्या सासरची मंडळी तारीख ठरवायला आली होती, मागे कपबशांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "कुठली ठरवलीत?"

"अजून नाय ठरवली," नसरीन म्हणाली. "त्यांना बसवून ठेवलाय. अम्मी पेरं मांडून बसलीय. निकाहनाम्यावर गवाह म्हणून तुझी सही हवी. आधी तुझ्या परतीच्या व्हिसाची तारीख सांग, भाई. मग आमची ठरवू."