कव्हरवाली मावशी

माझ्या मावशीला उघडी वस्तू बघवत नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर, आणि जादा कव्हरं ज्या पेटीत ठेवते त्या पेटीलाही कव्हर. ती शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन असतं आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून उरलेला एकही तुकडा ती फेकत नाही. तुकडा हातात आला की तिची नजर घरभर फिरते, कोण उघडं राहिलंय ते बघायला. एकदा ऐन उन्हाळ्यात मी दुपारची जरा आडवी झाले होते, तर माझ्याही अंगावर कापड आलं. वर म्हणते, "धूळ बसेल गं!" आम्ही भाचरं तिला तोंडावर कव्हरवाली मावशी म्हणतो. तिला ते मनापासून आवडतं.

काका म्हणजे तिचे यजमान. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ते घराबाहेर फारसे पडत नाहीत. मशीनच्या शेजारीच टेबलाखाली त्यांचा जुना कॉम्प्युटर आहे, आणि रोज संध्याकाळी त्याच्यावर ते परदेशात राहणाऱ्या थोरल्या भावाशी बुद्धिबळ खेळतात. पडद्यावर मधोमध पट आणि कोपऱ्यात दादांचं टक्कल. लहानपणी एका चटईवर बसून भांडायचे, आता समुद्राच्या दोन काठांवरून भांडतात. त्या खेळासाठी काका रोज दाढी करतात आणि इस्त्रीचा शर्ट घालतात. मावशीच्या बहिणीच्या लग्नातही त्यांनी एवढा थाट केला नव्हता, आणि ते लग्न माझ्या आईचं होतं, म्हणून आमच्या घरात ते अजून कुणी विसरलेलं नाही.

तर हा कॉम्प्युटर भर डावात बंद पडायला लागला. आधी विजेवर संशय घेतला. वायरमनने येऊन भिंतीतलं सॉकेट बदललं, जाताना तो चहाही पिऊन गेला, आणि संध्याकाळी पडदा पुन्हा काळा. त्यात काकांचं नशीब असं, की डाव रंगात येऊन दादांनी कोंडी करत आणली की नेमका तेव्हाच घात व्हायचा. शेवटी एकदा दादा भडकले.

"हरायला लागलास की बरा बंद पडतो तुझा कॉम्प्युटर! नाचता येईना अंगण वाकडं! प्लग काढतोस ना, खरं सांग?"

"मी? मी प्लग काढतो?" काका ओरडले, आणि तेवढ्यात पडदा गेला. आता दादांनी काय समजायचं!

त्यानंतर दादांचा फोन नाही. काकांचाही नाही. "खोटारडा म्हणाला मला. आधी त्याने करावा," हे एकच वाक्य. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला प्रकार. शेवटी मावशीने मला बोलावलं. मी छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावते आणि तिथली कागदाची धूळ मशीनमधून काढायचं काम माझ्याच गळ्यात आहे, हे तिला माहीत होतं. फोनवर तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "ये बाई. यांची दाढी वाढलीय. ते यंत्र भंगारात द्या म्हणतात. भंगारात गेलं तर हे दोघं मरेपर्यंत बोलायचे नाहीत."

सुट्टीच्या दिवशी सकाळीच गेले. काका दाढीचे खुंट वाढवून पेपरमागे लपले होते. मी कॉम्प्युटर बंद केला, भिंतीवरचं बटण बंद केलं, सगळ्या वायरी काढल्या आणि डबा उचलून गॅलरीत नेला. बाजूचा पत्रा उघडला, स्क्रू मावशीच्या बटणांच्या डबीत टाकले, आणि बघते तर आत गोधडी! पंख्यावर धुळीचा असा जाड थर, की पाती दिसेनात. मावशीचा चेहरा असा झाला, जणू पाहुण्यांसमोर तिच्या घरात जाळं निघालं.

पुढच्याच क्षणी ती ओलं फडकं घेऊन हजर. "घट्ट पिळलंय गं."

"मावशी, पाणी नाही!"

मग ओढत व्हॅक्युम क्लीनर आणला. तो जवळ आणला तर आतल्या नाजूक भागांना विजेचा बारीक झटका बसू शकतो, म्हणून तोही परत पाठवला. मग तोंडाने फुंकायला वाकली. "थुंकी उडते!" मी जवळजवळ किंचाळले. माझं डोकं लवकर फिरतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मग तिने पदराआडून हळूच शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली. "पंख्याला एक थेंब?"

मी हात जोडले. मग तिच्या हातात कोरडा, मऊ ब्रश दिला. अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून आधी डब्याच्या पत्र्याला हात लावायचा, मग आत जायचं, एवढं समजावलं. मी रबरी फुगा दाबून दाबून हवा मारत होते आणि ती पंख्याचं पातं बोटाने धरून बसली, कारण हवेने भरकन फिरलं तर पंखा बिघडतो. शिवणाच्या मशीनच्या दातांतला धाग्यांचा कचरा काढायची सवय असलेले तिचे हात! कशाला धक्का न लावता तिने कोपरा न् कोपरा मोकळा केला. काका पेपर खाली ठेवून दारात येऊन उभे राहिले होते.

"हा हिरवा धागा फ्रिजच्या कव्हरचा," ब्रशला लागलेला पुंजका उन्हात धरून ती म्हणाली. "हा निळा तुझ्या झग्याचा, शाळेतल्या." तिला फार मजा वाटत होती. मला मात्र आत टेबलाखाली पडलेलं एक जाड, तिहेरी शिलाईचं कव्हर दिसलं. डब्याच्या मापाचं, मागून जमिनीपर्यंत लोंबणारं.

"काका खेळून झाल्यावर हे घालतेस ना?"

"नाही गं! ते खेळतात तेव्हाच मी शिवायला बसते, तेव्हाच तर धूळ उडते. म्हणून तेव्हा घालते. यांचं लक्ष असतं पटात."

मी डब्याच्या मागच्या जाळीवर हात ठेवला आणि नुसतं सांगितलं, की गरम हवा इथून बाहेर पडते. ती कोंडली, की डबा तापतो आणि जळू नये म्हणून आपोआप बंद होतो. मावशीच्या हातातला ब्रश थांबला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिचे डोळे भरून आले, आणि मला उगाच ओरडल्याचं वाईट वाटलं.

मग ती उठली, हात पुसले आणि सरळ दादांना फोन लावला. काका "अगं, अगं" करत राहिले.

"भाऊजी, हे खोटं बोलत नव्हते. प्लग कुणी काढला नाही. तुमच्या डावाच्या नाकातोंडावर मीच रोज कव्हर घालत होते. म्हणायचं ते मला म्हणा."

पलीकडून दादांचा घोगरा आवाज, "संध्याकाळी बसव त्याला. आणि दाढी करून बस म्हणावं."

संध्याकाळी काका इस्त्रीच्या शर्टात बसले, गालावर कापल्याची खूण घेऊन. डाव रंगला. दादांचा वजीर आत घुसला, हत्ती आडवा आला, काकांच्या कपाळावर घाम. आम्ही सगळेच डब्याकडे बघत होतो. तो शांतपणे चालू होता. काकांनी मान न वळवता, दबक्या आवाजात मावशीला म्हटलं, "अगं, ते कव्हर टाक ना जरा."

"ऐकलं मी!" पडद्यातून दादा गरजले, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. काकाही हसत सुटले. दोघांना बोलता येईना, नुसतं एकमेकांकडे बोट दाखवून हसत होते, लहान पोरांसारखे.

मावशी शिवत होती. ते कव्हर तिने घडी घालून स्टुलावर ठेवलं होतं आणि त्याच्यावरच ती बसली होती. काकांवर मात होईपर्यंत काही उठली नाही.