दोन्ही टोकांची टोपणं

धक्क्यावर माझ्या थोरल्या भावाला सगळे ‘टोपण’ म्हणतात. “मामा, तुझं टोपणनावच टोपण! आजीने ठेवलेलं नाव फुकट गेलं,” असं माझी लेक त्याला चिडवायची.

दादाचं काम बोटींवर यंत्रं जोडायचं. पाण्याची खोली, वारा, बोटीची जागा सांगणारी सगळी यंत्रं एकाच लांब केबलवर बोलतात, आणि त्या केबलच्या दोन्ही टोकांना एकेक टोपण फिरवून बसवावं लागतं. “नाहीतर बोललेलं टोकावर आपटून माघारी येतं आणि नुसता गलका होतो,” तो सांगायचा. “आपल्या घरातल्यासारखा.” काम संपलं की दोन्ही टोकांना हात लावून तो मोठ्याने म्हणायचा, “हे टोपण, ते टोपण.” मगच बोटीवरून उतरायचा.

वहिनी गेल्यावर तो आमच्याकडे राहायला आला. पुढे पुढे चहा पिऊन कप खाली ठेवला की पुन्हा चहा मागायचा. मला वहिनीच्या नावाने हाक मारायचा. मी लेकीला म्हटलं, “आता पुरे कर त्याचं काम.” ती माझ्यावरच उखडली. “काम काढून घेतलंस तर मामाकडे उरेल काय?” लेक स्वतः बोट चालवते, माणसं पलीकडच्या किनाऱ्याला पोचवते. तिच्या बोटीवरची यंत्रं दादानेच परत नव्याने जोडून दिली, आणि तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

परवा धुवायला टाकण्याआधी दादाच्या शर्टाचा खिसा चाचपला. हाताला काळं, अंगठ्याएवढं टोपण लागलं. ओल्या हातानेच लेकीला फोन लावला. लागेना. परत लावला. ती तोवर बोट घेऊन बाहेर गेली होती.

संध्याकाळी ती दारात उभी राहिली तेव्हा मी आधी तिचे हातपाय पाहिले.

“धक्क्याला सगळं झकास चालत होतं गं. उथळ पाण्याजवळ गेल्यावर खोलीचा आकडा गेला. आला, परत गेला. बोटीचा तळ वाळूला घासला. माणसं ओरडायला लागली.”

आतून दादाने विचारलं, “काय झालं?”

“काही नाही मामा. उंदराने केबल कुरतडली.”

तो बाहेर आला. मी टेबलावर ठेवलेलं टोपण त्याने उचललं, आटे नखाने चाचपले.

“उंदराला हे फिरवून काढता येत नाही, पोरी,” तो म्हणाला आणि खुर्चीवर बसून राहिला.

सकाळी तो तिच्याबरोबर गेला. मीही गेले. त्याने टोपण लेकीच्या हातात दिलं. तिने बसवलं.

“आता म्हण.”

“मामा, तूच म्हण ना.”

“तू म्हण. मी ऐकतो.”

“हे टोपण,” ती म्हणाली. दुसऱ्या टोकापर्यंत गेली. “ते टोपण.” दादाने खांद्यावरची हत्यारांची पिशवी काढली, तिच्या पायाशी ठेवली आणि माझा हात धरून उतरला.

मला हवं होतं तेच झालं.

घरी आल्यावर त्याने दारामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. “माझी पिशवी कुठाय? लोक खोळंबलेत.”

“बोटीवर आहे, दादा.”

“हां,” तो म्हणाला. चप्पल काढली. जरा वेळाने परत घातली.